औषधाला ऊब लागते

पोपट्या हा आमचा इग्वाना. भाचा शिकायला बाहेरगावी गेला, तेव्हा तो ट्रॉम्बे कोळीवाड्याजवळच्या आमच्या घरी आला आणि इथलाच झाला. शेजारच्या काकू अजूनही विचारतात, "घोरपड कशी आहे गं तुझी?" घोरपड आपल्या रानातली, 1972च्या वन्यजीव संरक्षण कायद्यामुळे ती पाळता येत नाही. इग्वाना मध्य आणि दक्षिण अमेरिकेतला. त्याचीही आता 2024च्या नियमांनुसार केंद्र सरकारच्या परिवेश पोर्टलवर नोंद करावी लागते. ती आम्ही केली आहे.

ऐन पावसाळ्यात त्याच्या जबड्याखाली टणक गाठ आली. जास्वंदीचं फूल दिसलं की तुरुतुरु येणारा पोपट्या फुलाकडे बघेना. त्याला टॉवेलमध्ये गुंडाळून टोपलीत ठेवलं आणि मानखुर्दहून लोकलने सरपटणाऱ्या प्राण्यांच्या डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी सांगितलं, या प्राण्यांचा पू वाहत नाही, पनीरसारखा घट्ट होतो. त्याच्या आत औषध पोचत नाही, म्हणून गाठ कापून आधी साफ करावी लागते. भूल देऊन त्यांनी ते केलं, आणि सेफ्टाझिडीम या प्रतिजैविकाची इंजेक्शनं दर 72 तासांनी द्यायला सांगितली. तीही पुढच्याच पायात. मागच्या अंगाचं रक्त आधी मूत्रपिंडांतून जाऊ शकतं; तिथे टोचलं तर औषध वाया जाण्याची आणि मूत्रपिंडांना त्रास होण्याची भीती.

टोचायचं काम यजमानांचं, धरायचं माझं. डोळ्यांवर फडकं टाकलं की तो शांत व्हायचा.

पण खरी मेहनत होती ती ऊब सांभाळण्याची. या प्राण्याला स्वतःची ऊब नसते. अंग गार पडलं की पचन मंदावतं, प्रतिकारशक्ती मंदावते, औषधही हवं तसं काम करत नाही. त्याच्या पेटीत दिव्याखाली 35 अंशांच्या आसपास, दुसऱ्या टोकाला थोडं कमी, आणि रात्री उजेड न देणारा सिरॅमिक हीटर. रात्री खाडीवरून गार वारा यायचा, म्हणून पेटीच्या तीन बाजूंना चादर बांधली. एकदा पावसात वीज गेली, तेव्हा गरम पाण्याच्या बाटल्या फडक्यात गुंडाळून त्याच्याजवळ ठेवल्या आणि पहाटेपर्यंत बदलत राहिलो.

दुसरी काळजी पाण्याची. हे औषध मूत्रपिंडांवाटे बाहेर पडतं, त्यामुळे अंगात पाणी कमी पडून चालत नाही. रोज कोमट पाण्याच्या टबात बसवायचं. विष्ठेसोबतचा पांढरा भाग मऊ आहे की रेताड, हे बघायचं; रेताड असला तर पाणी कमी पडतंय. टब फक्त त्याचाच आणि तो न्हाणीघरातच धुवायचा, कारण सरपटणाऱ्या प्राण्यांच्या विष्ठेत साल्मोनेला असू शकतो. मुलांनाही साबणाने हात धुतल्याशिवाय जेवायला बसू दिलं नाही.

इग्वाना पाला पचवतो तो आतड्यांतल्या जिवाणूंच्या जोरावर, आणि प्रतिजैविक त्यांनाही मारू शकतं. शेवग्याचा पाला आणि लाल भोपळा वाटून सुईविना सिरिंजने थोडा थोडा भरवला. वजन वहीत लिहीत गेले. ते थांबलं, मग वाढू लागलं. एका दुपारी त्याने माझ्या हातून जास्वंद ओढून घेतली, तेव्हा मला रडू आलं. तरीही इंजेक्शनं शेवटपर्यंत दिली. खायला लागला म्हणून औषध मध्येच सोडायचं नसतं.

तुमच्या घरी असा जीव असेल, तर तो धडधाकट असतानाच त्याचा डॉक्टर शोधून ठेवा. आणि माणसाच्या गोळीचा तुकडा करून त्याला कधीही देऊ नका.