सैतानाची टोपली

रोमच्या पॅलेटाइन टेकडीवर एक झाड होतं. ते जरा मलूल दिसलं, की पाहणारा माणूस वाटेत भेटेल त्याला ओरडून सांगायचा, आणि ऐकणारे ‘पाणी! पाणी!’ करत भरलेल्या बादल्या घेऊन चारी बाजूंनी धावत सुटायचे. घराला आग लागल्यावर धावावं तसे. हे प्लुटार्कने रोम्युलसच्या चरित्रात लिहून ठेवलं आहे. रोमचा संस्थापक मानल्या जाणाऱ्या या रोम्युलसने म्हणे आपली ताकद दाखवायला समोरच्या अ‍ॅव्हेंटाइन टेकडीवरून भाला फेकला. फाळ इतका खोल रुतला, की पुष्कळांनी जोर लावूनही तो कोणाला उपटता येईना. शेवटी जमिनीनेच त्या दांड्याला आपलंसं केलं. कोंब फुटले, खोड भरलं, झाड झालं. पुढच्या लोकांनी त्याभोवती भिंत बांधली आणि त्याला देवस्थानाचा मान दिला.

मग कॅलिगुला सम्राटाच्या काळात तिथल्या पायऱ्यांच्या दुरुस्तीचं काम निघालं. कामगारांनी आजूबाजूला खणलं, मुळं तुटली, झाड वाळून गेलं. कोणाच्या मनात वाईट नव्हतं. काम चालू होतं, एवढंच. फुटपाथवर पेव्हर ब्लॉक बसवताना झाडाच्या बुंध्यापर्यंत काँक्रीट ओतलेलं ज्यांनी पाहिलं आहे, त्यांना या गोष्टीतला शेवट मुळीच दंतकथेसारखा वाटणार नाही.

त्या भाल्याचा दांडा कॉर्नेलियन चेरीच्या लाकडाचा होता. नावात चेरी असली, तरी खऱ्या चेरीशी या झाडाचं काही नातं नाही. कुळ वेगळं, शास्त्रीय नाव कॉर्नस मास. मूळ वस्ती दक्षिण युरोप, तुर्कस्तान आणि कॉकेशसच्या डोंगरउतारांवर. लाकूड असं घट्ट, की पाण्यात टाकलं तर तळाला जातं. त्यामुळे जुन्या ग्रीकांना आणि रोमनांना या झाडाकडे पाहिलं की आधी फळ नाही, हत्यार दिसायचं. लिशियाच्या सैनिकांची धनुष्यं याच लाकडाची होती, असं हिरोडोटस सांगतो. घोडेस्वाराने लांब, लेचापेचा भाला घेण्यापेक्षा या लाकडाच्या दोन आखूड बरच्या घ्याव्यात, असा झेनोफोनचा सल्ला आहे. थिओफ्रास्टस तर वनस्पतिशास्त्र लिहिता लिहिता या झाडाची उंची मॅसिडोनियन सैन्याच्या सर्वांत लांब भाल्याइतकी, म्हणजे बारा हात, असल्याची नोंद करतो. पॉसेनिअसच्या मते ट्रॉयचा तो लाकडी घोडाही यातूनच घडला. त्यासाठी ग्रीकांनी इडा पर्वतावरच्या अपोलोच्या राईतली झाडं तोडली आणि देवाचा कोप ओढवून घेतला.

व्हर्जिलच्या ‘इनीड’मध्ये रोम्युलसची गोष्ट उलट्या बाजूने येते. थ्रेसच्या किनाऱ्यावर इनीअस वेदी सजवायला झुडपाची फांदी उपटतो, तर मुळांतून काळं रक्त ठिबकतं. तिथे पॉलिडोरस नावाच्या राजपुत्राला भाल्यांनी भोसकून मारलेलं असतं, आणि त्याच भाल्यांची ही झुडपं झालेली असतात: जांभळाच्या कुळातलं मर्टल आणि हीच कॉर्नेलियन चेरी. एका भाल्याचं देवस्थान झालं, दुसऱ्यांचं थडगं. दोन्हींपैकी व्हर्जिलचं झुडूप जास्त खरं वाटतं, कारण ते बोलतं आणि तक्रार करतं.

बागकाम करणारा माणूस मात्र दोन्ही गोष्टींना हसेल. कॉर्नेलियन चेरीची ताजी, ओली फांदी मातीत खोचली तरी तिला सहजासहजी मुळं फुटत नाहीत. मग वाळलेला, घासूनपुसून गुळगुळीत केलेला दांडा कुठला फुटायला? चांगलं वाण हवं असेल तर कलम करावं लागतं, नाहीतर वाकवलेल्या फांदीचा दाब. बी पेरलं, तर त्याच्या कठीण कवचाला आधी ऊब लागते, मग लांबलचक थंडी. पेरल्यावर पहिला वसंत रिकामा जातो, आणि कोंब दिसला तर बहुधा दुसऱ्या वसंतात. फळाला तर आणखी काही वर्षं. पण एकदा जम बसला, की झाड शंभरी सहज ओलांडतं. चुनखडीची जमीन त्याला चालते, रोग-कीड फारशी नाही, शून्याखाली पंचवीस अंशांपर्यंतची थंडी ते सोसतं. सोसतं कसलं, हिवाळ्याची खरी थंडी त्याला लागतेच. म्हणून पुण्या-मुंबईच्या गॅलरीत त्याची कुंडी ठेवण्यात अर्थ नाही.

त्याची फुलं फेब्रुवारी-मार्चमध्ये येतात, पान एकही नसताना: काळ्या फांद्यांवर बारीक पिवळे झुबके, बाकीची बाग अजून झोपलेली. तुर्कस्तानात यावर एक गोष्ट सांगतात. सैतानाने हा बहर पाहिला आणि हिशेब केला, की सगळ्यांआधी फुललं ते सगळ्यांआधी फळणार. तो टोपली आणि तराजू घेऊन झाडाखाली जाऊन बसला. जर्दाळू आले, गेले. चेरी, आलुबुखार, सगळे पिकले. सैतान बसलेलाच.

फळ पिकतं ऑगस्टच्या अखेरीस, सप्टेंबरात. लांबट, लालभडक, आत एक लांब बी. रंग आला म्हणून तोडलं तर तोंडाला मिठी बसते. जाणकार फांदीला हात लावत नाहीत. झाडाखाली चादर किंवा जाळी अंथरून ठेवतात आणि जे आपोआप पडेल तेवढंच उचलतात. लाल रंग काळपट होऊ लागला आणि फळ मऊ पडलं, की आंबटगोडाचा खरा तोल येतो. बागेत शक्यतो दोन वेगळ्या वाणांची झाडं लावावीत, म्हणजे परागीभवन नीट होऊन झाड भरून येतं.

वाणांची गोष्ट निघाली की कीव्हला जावं लागतं. तिथल्या राष्ट्रीय वनस्पती उद्यानात स्वितलाना क्लिमेन्को यांनी अनेक दशकं या एका फळावर काम केलं आणि डझनाहून जास्त वाणं निवडून काढली. रानातलं फळ दोन-तीन ग्रॅमचं असतं, त्यांच्या वाणांची फळं त्याच्या दुप्पट आणि अधिकही भरतात. एकाचं नाव व्यदुबेत्स्की, उद्यानाच्या शेजारच्या व्यदुबिची मठावरून. एक यांतार्नी, अंबराच्या रंगाचं, पिवळं. युरोप-अमेरिकेतल्या नर्सऱ्यांमध्ये आज यातली बरीच कलमं विकली जातात. इंग्रजी बागांतून हे झाड फुलांसाठी लावतात आणि फळं पाखरांना सोडून देतात, तो निव्वळ करंटेपणा आहे.

कारण स्वयंपाकघरात या फळाचं काय काय होतं! होमरच्या महाकाव्यातल्या सर्सी या चेटकिणीने ते डुक्कर झालेल्या खलाशांपुढे टाकलं, ती गोष्ट सोडून द्या. पहिल्या शतकातला रोमन शेतीतज्ज्ञ कोलुमेला ते ऑलिव्हऐवजी मुरवून खायला सांगतो. आर्मेनियात त्याची दारू गाळतात, बल्गेरियात मुरंबा. अझरबैजानात ते मांसाच्या कालवणात आंबटपणासाठी पडतं. तुर्कस्तानात बोलूच्या आसपास त्याचा गर पिठात मळून उन्हात वाळवतात आणि चुरून ठेवतात, आपल्या वाळवणासारखं. हिवाळ्यात त्याचं सूप. शिवाय सरबत, ज्यावरून तुर्कीत म्हणच आहे: रक्ताची उलटी झाली तरी कॉर्नेलियन चेरीचं सरबत प्यायलो म्हणून सांगणारा माणूस. म्हणजे झाकली मूठ सव्वा लाखाची. त्या सरबताच्या नावाची तुर्की मालिका २०२२मध्ये सुरू झाली: एक आधुनिक घर, एक धार्मिक घर, मधे लग्न. सरबताला भरपूर वाव.

बल्गेरियात १ जानेवारीला मुलं या झाडाची वळवलेली फांदी रंगीत लोकर, लाह्या आणि सुक्या मेव्याने सजवतात, आणि घरोघर जाऊन मोठ्यांच्या पाठीवर हलकेच मारत आरोग्य चिंततात. बदल्यात नाणी आणि खाऊ.

या कुळातलं एक झाड महाराष्ट्रातही आहे, फक्त त्याला कोणी त्या नात्याने ओळखत नाही: अंकोल. पूर्वी त्याचं कुळ वेगळं मानत. आता वनस्पतिशास्त्रज्ञ त्याला कॉर्नेलियन चेरीच्याच घरात धरतात. तेही फेब्रुवारी-मार्चमध्येच, पानं झडलेल्या काटेरी फांद्यांवर फुलतं, मात्र पांढरं आणि सुगंधी. उन्हाळ्यात काळपट जांभळी फळं येतात, ती खाता येतात, पण बाजारात कधी दिसत नाहीत. एका भावंडाचं बी उगवायला दोन हिवाळे घेतं, तर दुसऱ्याची ख्याती अगदी उलट. सहाव्या शतकात वराहमिहिराने ‘बृहत्संहिते’च्या वृक्षायुर्वेद अध्यायात लिहिलं आहे, की अंकोलाच्या फळाच्या लगद्यात किंवा तेलात बी मुरवून पेरलं तर ते त्याच क्षणी उगवतं आणि फांद्या फळांनी लगडतात. अट एवढीच, की बी त्यात शंभर वेळा मुरवायचं आणि पेरायचं ते गारांचं पाणी मिसळलेल्या मातीत. अंकोल नसेल तर भोकरही चालेल म्हणतो.