चिंचवडमार्गे युरोप

माझी सारी हयात भोसरीच्या एका कारखान्यात यंत्रांचे नकाशे काढण्यात गेली. त्यामुळे भाचा जेव्हा म्हणाला, "मामा, मीही नकाशेच काढतो," तेव्हा मला अंमळ बरे वाटले. मागाहून कळले, की चिरंजीव संगणकावरच्या खेळासाठी चारशे वर्षांपूर्वीचे एक जर्मन गाव रचत आहेत! स्वारी अजून विमानातही बसलेली नाही. आमचे मेहुणे चाकणला मोटारीच्या कारखान्यात. त्यांच्या मते हा दिवाळीचा किल्ला करण्याचा नाद वय वाढले तरी न सुटल्याचा प्रकार. त्यातच गाव नापास होऊन परत आले. शेरा एवढाच, "घरे छान आहेत, पण इथे कोणी राहत नाही." पंधरा दिवसांत सुधारले नाही, तर काम दुसऱ्याकडे जाणार.

मी पडद्यावर पाहिले. उतरती कौले, लाकडी चौकटीच्या भिंती, मधोमध चर्च. रस्ते मात्र पट्टीने आखलेले.

"अरे, हे तर आपले प्राधिकरण!"

निगडी प्राधिकरणाला मी नावे ठेवत नाही. 1972 साली प्राधिकरण स्थापन झाले, आधी सेक्टर आखले, मग माणसे आली. जुन्या गावात माणसे आधी येतात.

रविवारी त्याला चिंचवडगावात नेले. मोरया गोसावींचे समाधिमंदिर पवनेच्या अगदी काठावर. पावसाळ्यात नदी चढली की पाणी मंदिरात शिरते. "मग इतक्या खाली का बांधले?" भाच्याने विचारले. म्हटले, "समाधी जिथे, मंदिर तिथे. पाण्याला विचारून कोण बांधतो?" तो वाकड्या गल्ल्यांतून हिंडला आणि एकाएकी खूश झाला. खेळात म्हणे वळण फार कामाचे. वळणापलीकडचे दिसत नाही, म्हणून संगणकाला ते रंगवावे लागत नाही. भाऊबंदकीने पडलेले वळण यंत्राचे ओझे हलके करते, हे मला नवीनच होते.

तिथून आम्ही मेहुण्यांकडे चाकणला गेलो. संग्रामदुर्ग पाहिला. हा भुईकोट 1660 साली फिरंगोजी नरसाळ्यांनी शाहिस्तेखानाविरुद्ध दोन महिन्यांच्या आसपास झुंजवला. अखेर सुरुंगाने तट फुटला. आज थोडा तट, थोडे बुरूज, खंदकाची खूण. बाकी गावाने वेढलेले. भाच्याने फोनवर मला नोर्डलिंगन दाखवले. जर्मनीतले हे गाव उल्का पडून झालेल्या विवरात वसलेले. त्याचा तट गोल, आणि अजून अखंड. त्यावरून गावाला प्रदक्षिणा घालता येते. आत आणखी एक गोल रस्ता आहे. आधीचा लहान तट त्या रेषेवर होता. गाव वाढले, तट बाहेर सरकला, जुन्या जागी रस्ता उरला. "माझ्या गावाला असे जुने अंग नाहीच," तो पुटपुटला.

मेहुणे इतका वेळ गप्प होते. नाशिक रस्त्यावरच्या मालगाड्यांच्या रांगेत रोज तासभर घालवणारा माणूस. त्यांनी चित्र जवळ ओढले. "ह्या वेशीतून भरलेली गाडी आत आली, तर वळेल कुठे? बाजार कुठे भरतो?"

भाच्याने वेशीमागे तिरपा, मोकळा चौक काढला. मग विहीर, मग जुन्या तटाच्या रेषेवर वाकडी गल्ली; चर्च टेकाडावर नेले, म्हणजे वाट चुकलेल्या खेळाडूला मनोरा दिसावा. आठ रात्री त्याच्या खोलीतला दिवा जळत होता.

गाव पास झाले. त्या संध्याकाळी मेहुण्यांनी पडद्यावरची गाडी स्वतः वेशीतून आत नेली, चौकात वळवली, आणि चष्मा सावरत विचारले, "आता बैल कुठे सोडायचे रे?"