पुलापलीकडची जागा

पूल म्हटलं की चिकोडी तालुक्यातल्या माणसाला पावसाळा आठवतो. कृष्णा-दूधगंगेला पाणी चढलं की कल्लोळ-येडूरचा पूल बुडतो. पलीकडचं गाव जागच्या जागी असतं, पण इकडच्यांना लांबचा फेरा पडतो. कॉम्प्युटरच्या आतही असे पूल असतात, हे साहित्य शिकणाऱ्या मला यंदाच्या सुट्टीत कळलं.

झालं असं, आजीच्या जात्यावरच्या ओव्या आम्ही रेकॉर्ड करून ठेवलेल्या. आजी आता नाही. चालू लॅपटॉपला डॉक जोडला, तर त्यावरचा कीबोर्ड चालला, पण ओव्यांची डिस्क दिसेना. घरात कुणी बोलेना. माझ्या चुलतभावाने लिनक्सचे संदेश वाचले. त्यात लिहिलेलं, 'नो स्पेस'. "डिस्क बरी आहे बघ," दादा म्हणाला, "तिला जागाच मिळाली नाही."

डिस्कमधली जागा नव्हे, पत्त्यांची जागा. बस म्हणजे इथे स्टँडवरची नव्हे, तर प्रोसेसर आणि उपकरणं यांच्यामधला माहितीचा रस्ता. एक बस दुसरीला पुलाने जोडतात. प्रत्येक पुलाला एक खिडकी असते, म्हणजे कुठल्या पत्त्यापासून कुठल्या पत्त्यापर्यंतचे निरोप पलीकडे सोडायचे, याची हद्द. ही जागा सलगच लागते. पीसीआय पुलाची मेमरीची खिडकी किमान 1 एमबीची असते, पलीकडच्या उपकरणाला 4 केबी पुरत असले तरी.

मला आवडली ती लिनक्सची मोजणीची रीत. तो अगदी शेवटच्या पुलापलीकडे जाऊन प्रत्येकाला विचारतो, तुला किती हवं? बेरीज करत करत वर येतो. मग वाटप वरून खाली. मशीन सुरू होताना फर्मवेअरने आखलेल्या हद्दी मात्र तो शक्यतो मोडत नाही. नंतर जोडल्या जाणाऱ्यांसाठी थोडी जागा अंदाजाने राखतो. आमच्या डॉकला ती पुरली नाही आणि शेजारची आधीच दुसऱ्याला गेलेली.

दादाने डॉक आधी जोडला आणि मग लॅपटॉप चालू केला. मोजणीच्या वेळी सगळे हजर होते, म्हणून सगळ्यांना जागा मिळाली. आजीचा आवाज आला, ओवीत मध्येच एक कानडी शब्द.

1956 साली बेळगाव जिल्हा मुंबई राज्यातून म्हैसूर राज्यात गेला, तेव्हा आजी लहान होती. माझ्या घरात मराठी, वर्गात इंग्रजी, स्टँडवरच्या पाटीवर कानडी. हद्द बरोबर की चूक, हा वाद मी जन्मापासून ऐकतेय. पण त्या वादात एक प्रश्न मी फारसा ऐकलेला नाही: शेवटच्या घरात जाऊन, तुला किती जागा लागते, असं कुणी विचारलं का? आजीची बोली धड पुस्तकी मराठी नव्हे, कानडी तर नव्हेच. शाळेच्या निबंधात तिचा शब्द आला की खाली लाल रेघ यायची.

आपल्या मंडळाचा अंक ठरतो तेव्हा पानं आधीच वाटली जातात: कविता इतक्या, कथा इतक्या. माझं म्हणणं एवढंच, दोन पानं रिकामी ठेवूया. निपाणी, सदलगा, संकेश्वरकडच्या मुलामुलींनी घरातले शब्द जसे ऐकले तसे लिहून पाठवावेत. काय येईल ते आत्ता सांगता येणार नाही. म्हणूनच जागा आधी ठेवायला हवी.