सोयरिकीची जबान

लेकीचं लग्न दाभोळकडच्या घरात ठरलं, तेव्हा अचलपूरचे नातलग म्हणाले, "इतक्या लांब?" आम्हा दोघांना अंतरापेक्षा भाषेची काळजी होती. आमच्या घरात दखनी उर्दू; मराठी शाळेतली, बाजारातली. तिकडं लेकीला परकं वाटलं तर?

लग्नानंतर प्रथमच तिकडं निघालो. हर्णैला सुवर्णदुर्ग पाहिला. कर्दे, लाडघर, बुरोंडी करत समुद्राच्या कडेकडेनं दाभोळला आलो. कपाशी-तुरीची सपाट रानं पाहिलेले आमचे डोळे त्या निळाईनं दिपून गेले. वाशिष्ठीच्या मुखाशी जुनी शाही मशीद उभी आहे. बहमनी काळात आपलं वऱ्हाड आणि हे बंदर एकाच राज्यात होतं, हे तिथं आठवलं.

व्याह्यांकडं सलाम-दुआ झाली. तांदळाची भाकरी, माशाचं कालवण, सांदणं समोर आली. लेकीच्या आजेसासू ऐंशीच्या पुढच्या. आम्ही अदबीनं उर्दूत बोलू लागलो. त्यांनी नातवाला विचारलं, "काय म्हणतात?" मग आम्ही मराठीत बोललो आणि त्यांचा चेहरा खुलला. त्यांची कोकणी बोली, आमची वऱ्हाडी. रात्री उशिरापर्यंत काही अडलं नाही. इशाच्या नमाजनंतर त्यांनी लेकीच्या डोक्यावर हात ठेवून दुआ दिली, तीही त्यांच्याच बोलीत.

आमच्याकडं काही लोक कौतुकानं म्हणतात, "मुसलमान असून मराठी छान बोलता!" त्या आजींना हे कौतुक कळणारच नाही. लेकीची मुलं कोणती भाषा बोलतील, ही काळजी आम्ही आता सोडली आहे. उर्दू त्यांच्या आजोळची, मराठी त्यांच्या घरची, दोन्ही हक्काच्या.