खडकी : आम्हा चौघींची

पुण्याहून लोणावळ्याची लोकल धरली की शिवाजीनगरनंतर खडकी लागते. इतिहासाच्या पुस्तकात या गावाला एकच ओळ मिळते : ५ नोव्हेंबर १८१७, पेशवे आणि इंग्रज यांची लढाई. त्यानंतर दोन महिन्यांच्या आत, १ जानेवारी १८१८ ला, कोरेगाव भीमा घडलं. ही दुसरी तारीख आम्हाला शाळेत कुणी सांगितली नाही, ती घरात कळली.

पण आमची खडकी तारखांची नव्हती, भोंग्याची होती. १८६९ पासूनचा दारूगोळा कारखाना, १९४० पासूनची हाय एक्स्प्लोझिव्ह फॅक्टरी, लष्कराचे डेपो. भोंगा झाला की सायकलींचा लोंढा सुटायचा. कुणाचे वडील कारखान्यात, कुणाची आई झाडूकामावर. आम्ही चौघी एकाच चाळीतल्या, एकाच वर्गातल्या. १९९१ साली, बाबासाहेबांच्या जन्मशताब्दी वर्षात, दहावीला बसलो. दोघी पास झालो, दोघी नापास.

शाळेचे दिवस फार गोड असतात म्हणे! आम्हाला ते दिवस पुन्हा नकोत. पगाराच्या रात्री एकीच्या घरात भांडी आदळायची. दुसरीला पाळी सुरू झाल्यापासून घरात स्थळांची बोलणी चालू होती. तिसरीचं नाव वर्गात सवलतीच्या यादीत मोठ्यानं वाचलं जायचं आणि मागच्या बाकावर हसू फुटायचं. चौथी गणितात गेली. निकालानंतर ती रोज संध्याकाळी रुळाजवळ जाऊन उभी राहू लागली. विचारलं तर म्हणायची, "गाड्या बघते." आम्हाला ते खरंच वाटलं. सोळा वर्षांच्या पोरींना काय कळणार!

कळलं ते आक्कांना. आक्का म्हणजे विहाराची किल्ली सांभाळणाऱ्या बाई. अक्षरओळख नाही, पण त्रिशरण-पंचशील तोंडपाठ. संध्याकाळी वंदना झाली की सात ते दहा विहारात अभ्यास, आणि त्याआधी त्या पोरी मोजायच्या. एके दिवशी मोजणी तीनवर थांबली. आक्का चपला घालून तडक रुळाकडे गेल्या. रागावल्या नाहीत, समजूतही काढली नाही. "भावाचं पत्र आलंय, वाचून दे गं," एवढंच म्हणाल्या. पत्र जुनं होतं. आमच्यातल्या दोघींनी ते आधीच वाचून दाखवलेलं होतं. तिनं ते तिसऱ्यांदा वाचलं, आणि पुढे आठवडाभर रोज वाचलं.

त्याच दिवसांत आक्कांनी एक हकिगत सांगितली. ती बाबासाहेबांच्या चरित्रातही आहे. सुभेदार रामजींनी दुसरं लग्न केल्यावर कोवळ्या भीमरावांचं घरात मन रमेना. साताऱ्याहून मुंबईला पळून जायचं, गिरणीत काम करायचं, असं त्यांनी ठरवलं. भाड्यासाठी आत्याचा बटवा हाती यावा म्हणून रात्री जागवल्या. अखेर बटवा मिळाला, त्यात निघाला अर्धा आणा! मनाची लाज वाटून त्यांनी तो बेत सोडला आणि अभ्यासाला लागले. कोट-चष्म्यातल्या तसबिरीतल्या माणसालाही कधी घरातून पळून जावंसं वाटलं होतं, हे ऐकून आम्ही कितीतरी वेळ गप्प होतो. गणितवाली ऑक्टोबरला पास झाली. दुसरीला मार्च १९९२ उजाडला.

त्या वर्षी २५ डिसेंबरला आक्का आम्हाला लोकलनं देहूरोडला घेऊन गेल्या. तिथली बुद्धमूर्ती १९५४ साली याच तारखेला बाबासाहेबांच्या हस्ते बसली. येताना डब्यात भाकरी-ठेचा आणि गाणी.

मुळा रोडवर दुसऱ्या महायुद्धातल्या सैनिकांची दफनभूमी आहे, साडेसोळाशेहून अधिक थडग्यांची. हिरवळ, ओळीत पांढरे दगड, दगडांवर नाव आणि वय. कितीतरी जण विशीतले. पूर्वी आम्ही तिथं शांतता मिळते म्हणून जायचो, वयं वाचली नव्हती. यंदा चौघी मिळून गेलो तेव्हा वाचली. गणितवाली, जी आज नर्स आहे, एकेका दगडापाशी बराच वेळ थांबत होती. आम्ही तिला घाई केली नाही.

आता खडकीत डोक्यावरून मेट्रो धावते. कारखान्यांचा कारभार २०२१ पासून सरकारी कंपनीकडे गेला. आमची चाळ पडली, आक्काही राहिल्या नाहीत. विहार मात्र जागेवर आहे, वर एक मजला चढलाय. किल्ली सध्या आमच्यातल्या एकीकडे असते. अभ्यासिकेची वेळ तीच, संध्याकाळी सात ते दहा.