किल्ली तुमच्याकडेच असू द्या

ती. वहिनीस,


तुमचा मेसेज मिळाला. उत्तर फोनवर देता आलं असतं, पण तुमच्याकडे फोन आला की निम्मं घर ऐकतं. म्हणून सविस्तर लिहितो आहे आणि पत्र शाळेच्या पत्त्यावर पाठवतो आहे.

घरच्या कॉम्प्युटरवर तुम्ही जे लिहिता ते दुसऱ्या कुणाला उघडता येणार नाही अशी काही सोय आहे का, असं तुम्ही विचारलंत. सोय आहे आणि ती पक्की आहे. पण आधी मेसेजच्या शेवटच्या ओळीबद्दल बोलतो. ‘तसं लपवण्यासारखं काहीच नाही, गैरसमज नसावा,’ असं तुम्ही लिहिलंत. वहिनी, गैरसमज कसला? तुम्ही आठवणी लिहायला घेतल्यात याचा मला मनापासून आनंद आहे. त्या आठवणींत आमचं घर येणार, दादा येणार, आई येणार. आईबद्दल सगळं गोडच लिहाल अशी माझी अपेक्षा नाही. त्या स्वयंपाकघरात काय काय बोललं गेलं ते मी लहानपणी बाहेरच्या खोलीत बसून ऐकलेलं आहे. ते तुम्ही जसं घडलं तसं लिहावं. आणि कुणीतरी वाचेल ही धास्ती असली की हात आपोआप आखडतो. कुलूप हवं ते एवढ्यासाठी.

खासगीपण कायदाही मानतो. निवृत्त न्यायमूर्ती के. एस. पुट्टस्वामी आधार योजनेच्या विरोधात सर्वोच्च न्यायालयात गेले होते. त्या प्रकरणात २४ ऑगस्ट २०१७ रोजी नऊ न्यायाधीशांनी एकमताने निकाल दिला की खासगीपण हा मूलभूत हक्क आहे. पण तो हक्क मुख्यतः सरकारपुढे उभं राहण्यासाठी. नवरा, सासू, दीर, मुलं यांच्यापुढे तो मागायला सहसा कुणी कोर्टात जात नाही. तिथे घरची रीत लागते, आणि आपल्याकडे ती रीत फारशी नाही. पोस्टाने आलेलं पाकीट कुणाच्याही नावाचं असो, ज्याच्या हाताला आधी लागेल तो फोडतो, हे तुम्ही रोज पाहता.

आता कॉम्प्युटरचं. सध्या सगळे एकाच खात्यातून बसतात. दादाची बिलं, मुलीचे प्रोजेक्ट, आईची कीर्तनं आणि तुमचं लिखाण, सगळं एकाच ठिकाणी. तुम्ही ‘पाककृती’ नावाचा फोल्डर करून तो हिडन करून ठेवलात म्हणता. त्यावर भरवसा ठेवू नका. व्ह्यू मेनूत ‘हिडन आयटेम्स’वर टिक केली की तो फिकट रंगात समोर येतो, आणि मुलीला ही टिक ठाऊक असणारच. शिवाय वर्ड उघडलं की अलीकडच्या फाइलींची यादी नावांसकट दिसते. तिथे ‘पाककृती’ची फाइल रात्री साडेअकराला उघडलेली दिसली तर कुणालाही वाटेल, बघू तरी.

पहिलं काम म्हणजे विंडोजमध्ये तुमचं वेगळं खातं, त्याला पासवर्ड, आणि जागेवरून उठताना विंडोजची कळ आणि एल एकदम दाबायची सवय. एवढ्याने जाता-येता होणारी डोकावणी थांबते. मात्र ज्याच्याकडे अ‍ॅडमिनिस्ट्रेटरचं खातं आहे, म्हणजे दादा, तो तुमच्या खात्यातल्या फाइलींवर हक्क घेऊ शकतो. आणि खात्याचा पासवर्ड डिस्कवरच्या अक्षरांना हातही लावत नाही. डिस्क काढून दुसऱ्या मशीनला जोडली किंवा पेन ड्राइव्हवरून विंडोजऐवजी लिनक्स सुरू केलं की सगळं वाचता येतं. मशीन दुरुस्तीला दुकानात जातं तेव्हा तिथल्या मुलाला नेमकं हेच करता येतं.

यावर बिटलॉकर लावा असं कुणीतरी तुम्हाला सांगेल. २००७ साली विंडोज व्हिस्टाबरोबर आलेली ही सोय सबंध डिस्क सांकेतिक करते. चोरी किंवा दुरुस्ती यांसाठी ती उत्तम आहे. तुमची अडचण मात्र तिने सुटत नाही, कारण मशीन चालू झालं की डिस्क सगळ्यांसाठीच उघडते. बिटलॉकर हे घराच्या दाराचं कुलूप आहे आणि तुम्हाला हवाय तो कपाटाच्या आतला लॉकर. जे लोक बाहेरच्या चोराचाच विचार करून सल्ला देतात त्यांच्या हे ध्यानात येत नाही की घरातल्या बाईला चोराची भीती नसते, तिला आपल्याच माणसांपासून थोडी जागा हवी असते.

तो लॉकर म्हणजे व्हेराक्रिप्ट. फुकट आहे, आणि त्याचा सोर्स कोड कुणालाही तपासता येतो. याआधी ट्रूक्रिप्ट नावाचा असाच प्रोग्रॅम होता. २००४ पासून लोक तो वापरत होते. मे २०१४ मध्ये तो करणाऱ्यांनी, ज्यांची नावं त्यांनी कधी सांगितलीच नव्हती, काम अचानक बंद केलं. त्याच कोडवरून फ्रान्समध्ये मुनीर इद्रासी यांनी २०१३ मध्येच व्हेराक्रिप्ट सुरू केलं होतं, ते आजही चालू आहे. जुन्या लेखांत ट्रूक्रिप्टचं नाव सापडेल. ते घेऊ नका.

ते चालतं असं. तुम्ही एक फाइल तयार करायची, तिला कंटेनर म्हणतात. लिखाणाला ५०० एमबी भरपूर होतात. तयार करताना एक खिडकी उघडते, तिच्यात आकडे भराभर बदलत असतात आणि खाली एक लाल पट्टी असते. तिथे माउस वेडावाकडा फिरवत राहायचं, म्हणजे पट्टी हळूहळू हिरवी होते. तुमच्या हाताच्या त्या अनियमित हालचालींतून प्रोग्रॅम किल्लीसाठी अनिश्चितता गोळा करतो. घाई करू नका, पट्टी पूर्ण हिरवी होऊ द्या. मग पुढे रोज एवढंच: कंटेनर निवडायचा, पासवर्ड टाकायचा, माउंट म्हणायचं. माय कॉम्प्युटरमध्ये एक नवा ड्राइव्ह दिसू लागतो आणि त्यात नेहमीसारखं लिहिता येतं. काम झालं की वर्ड बंद करून तो ड्राइव्ह डिसमाउंट करायचा. नव्या आवृत्तीत त्याला अनमाउंट म्हणतात. हे विसरू नका, कारण ड्राइव्ह उघडा असेपर्यंत कुलूपही उघडंच असतं.

पासवर्ड दिल्यावर उघडायला थोडा वेळ लागतो, तेव्हा मशीन अडकलं असं समजू नका. साध्या कंटेनरसाठी तुमच्या पासवर्डावर पाच लाख वेळा तीच गणिती प्रक्रिया केली जाते आणि मग किल्ली तयार होते. तुम्हाला ती वाट एकदा पाहावी लागते. अंदाजाने पासवर्ड टाकून बघणाऱ्याला प्रत्येक अंदाजाला पाहावी लागते.

आत जी पद्धत वापरली जाते ती एईएस. योआन डामेन आणि व्हिन्सेंट रायमेन या दोन बेल्जियन माणसांनी ती रचली, खुल्या स्पर्धेत ती निवडली गेली आणि २००१ मध्ये अमेरिकेने ती प्रमाण ठरवली. ती छापील आहे, कुणीही वाचावी. ऑग्युस्त केर्कहॉफ्स यांनी १८८३ मध्येच लिहून ठेवलं होतं की सांकेतिक पद्धत शत्रूच्या हाती पडली तरी बिघडता कामा नये, गुप्त राहायला हवी ती फक्त किल्ली. या तत्त्वाबद्दल मला फार आदर आहे, आणि तुमच्या बाबतीत त्याचा अर्थ अगदी सरळ आहे. हे कुलूप कसं बनलं आहे ते मला माहीत आहे, ते मीच बसवून देणार आहे, आणि तरीही ते मला उघडता येणार नाही. तसंच व्हायला हवं.

म्हणून पासवर्ड मी ठरवून देणार नाही. तो कसा ठरवायचा तेवढं सांगतो. वाढदिवस, मुलांची नावं, गाडीचा नंबर, कुलदैवत, सगळं वर्ज्य. अभंगाची किंवा आरतीची ओळही नको, ती आपल्या घरात सगळ्यांना पाठ आहे. अर्नोल्ड राइनहोल्ड यांनी १९९५ मध्ये डाइसवेअर नावाची रीत सांगितली. फासा पाच वेळा टाकायचा, येणाऱ्या पाच आकड्यांवरून ७,७७६ शब्दांच्या यादीतला एक शब्द उचलायचा, असे सहा शब्द घ्यायचे. सहा शब्दांच्या जोड्या इतक्या होतात की त्या लिहायला २४ आकडी संख्या लागते. ती मूळ यादी इंग्रजी आहे. तुम्ही सापशिडीतला फासा घ्या, त्यावर शब्दकोशाचं पान ठरवा आणि पानावरचा शब्दही फाशावरच सोडा. ‘घोंगडी पावती करवत...’ असं काहीतरी निरर्थक निघेल. आवडला नाही म्हणून शब्द बदलू नका. आवडीने निवडलेला शब्द तुम्हाला ओळखणाऱ्याला सुचू शकतो. अर्थात वरचे तीन वापरू नका, ते आता मला माहीत आहेत. शब्द रोमन अक्षरांत लिहा आणि टाकण्यापूर्वी कीबोर्ड इंग्रजीवर आहे ना ते बघा. तुम्ही मराठी टायपिंग करून उठलेल्या असता, पासवर्डच्या जागी फक्त ठिपके दिसतात, आणि कीबोर्ड मराठीवरच राहिला तर बरोबर कळा दाबूनही प्रोग्रॅम ‘चूक’ म्हणतो.

लिखाण आत हलवलं तरी बाहेर त्याच्या खुणा उरतात. वर्ड मधूनमधून ऑटोरिकव्हरची प्रत ठेवतं, ती तुमच्या खात्याच्या फोल्डरमध्ये पडते. तिची जागा सेटिंगमधून नव्या ड्राइव्हवर नेता येते. अलीकडच्या फाइलींची यादी बंद करता येते. डॉक्युमेंट्सचा फोल्डर दादाच्या वनड्राइव्हशी जोडलेला असेल तर तुमच्या जुन्या फाइली तिथेही गेल्या असतील, ते एकदा तपासायला हवं. ‘पाककृती’ नुसता डिलीट करून भागणार नाही. डिलीट केल्यावर बहुधा फक्त नोंद जाते, मजकूर बराच काळ डिस्कवर राहू शकतो. हे सगळं मी आल्यावर बघतो.

पासवर्ड विसरलात तर ‘फरगॉट पासवर्ड’ नाही. कंपनीला फोन नाही, दुकान नाही, मी नाही. तेव्हा ते सहा शब्द कागदावर लिहा, पाकीट बंद करा आणि घराबाहेर ठेवा, तुमच्या बँक लॉकरमध्ये किंवा माहेरी ताईकडे. कंटेनरच्या प्रती दोन पेन ड्राइव्हवर घ्या, कारण कंटेनर कुणाला वाचता येत नसला तरी डिलीट कुणालाही करता येतो. आणि तुमच्या मागे ते कुणी वाचावं की न वाचताच जावं, हेही एकदा ताईला सांगून ठेवा.

राहिला दादा. व्हेराक्रिप्टमध्ये कंटेनरच्या आत आणखी एक छुपा कंटेनर ठेवायची सोय आहे, म्हणजे बाहेरचा उघडून दाखवला तरी आतला आहे हेसुद्धा कळत नाही. ज्यांच्यावर पासवर्ड सांगण्याची जबरदस्ती होते त्यांच्यासाठी ती आहे. तुम्ही ती घेऊ नये असं माझं मत आहे. बाहेरच्या भागात चुकून काही लिहिलं तर आतला मजकूर खराब होतो, हे एक कारण. दुसरं कारण मोठं आहे. मशीनचा अ‍ॅडमिनिस्ट्रेटर दादा आहे. मनात आणलं तर दाबलेली प्रत्येक कळ नोंदवणारा प्रोग्रॅम त्याला बसवता येईल, आणि त्यापुढे कुठलंही एन्क्रिप्शन टिकत नाही. तेव्हा त्याला सरळ सांगा: ही फाइल माझी आहे, हिला कुलूप आहे, आत माझं लिखाण आहे आणि ते मी दाखवणार नाही. दादा थोडा घुश्शात जाईल, पण ऐकेल. हवं तर माझ्यासमोर सांगा, मी तुमच्या बाजूने बोलेन.

पुढच्या महिन्यात दोन दिवस येतो आहे, तेव्हा सगळं बसवून देईन. तोवर वहीत लिहा, वही शाळेतल्या कपाटात ठेवा, पण लिहिणं थांबवू नका.

तुमचा,
धाकटा दीर