नटांचे शिल्पकार

टाकीचे घाव सोसल्यावाचून दगडाला देवपण येत नाही, अशी आपल्याकडे म्हण आहे. नटाचेही तसेच असते. रंगमंचावर तो सहज बोलतो, हसतो, रडतो आणि प्रेक्षक टाळ्या वाजवितात. परंतु त्या सहजतेमागे किती कष्ट असतात आणि त्याला घडविणारा गुरू कोण असतो, हे प्रेक्षकांना सहसा ठाऊक नसते. पडद्यामागे राहून नट घडविणारे असे एक थोर शिक्षक म्हणजे इब्राहिम अल्काझी.

अल्काझींचा जन्म १९२५ साली पुण्यात झाला. त्यांचे वडील अरब व्यापारी होते. मुंबईत महाविद्यालयात शिकत असता अल्काझींना नाटकाची गोडी लागली. पुढे लंडनच्या रॉयल अकॅडमी ऑफ ड्रॅमॅटिक आर्ट या विख्यात संस्थेत त्यांनी नाट्यशिक्षण घेतले. तेथेच राहून नाव मिळविण्याची संधी त्यांच्यापुढे होती. परंतु ती नाकारून ते मायदेशी परतले. मुंबईत राहत्या इमारतीच्या गच्चीवर त्यांनी ‘मेघदूत’ नावाचे छोटेसे नाट्यगृह थाटले.

१९६२ साली ते दिल्लीच्या राष्ट्रीय नाट्यविद्यालयाचे संचालक झाले व १९७७ पर्यंत त्या पदावर राहिले. देशाच्या कानाकोपऱ्यांतून तेथे तरुण येत. झगझगीत प्रकाशात उभे राहावे, लोकांनी वाहवा करावी, हे स्वप्न प्रत्येकाच्या मनात असे. अल्काझी मात्र त्यांच्या हाती हातोडा, सुईदोरा आणि रंगाचा कुंचला देत. नेपथ्य उभारणे, दिवे लावणे, पोशाख शिवणे, हे सारे नटाला आलेच पाहिजे, असा त्यांचा कटाक्ष होता. पायाखालची पायरी स्वतः ठोकलेली असली म्हणजे तिच्यावरून कसे चालावे, हे नटाला निराळे सांगावे लागत नाही. शिवाय, नाटक एकट्या नायकाचे नसून अनेकांच्या श्रमाचे असते, हेही त्याच्या मनावर ठसते.

त्यांची शिस्त मोठी कडक होती. उशीर त्यांना मुळीच खपत नसे. परंतु जे शिष्यांना सांगावयाचे, ते आधी आपण करावयाचे, असा त्यांचा बाणा होता. विद्यालयातील शौचकूप अस्वच्छ दिसताच ते स्वतः ते घासून स्वच्छ करीत, ही आठवण त्यांच्या शिष्यांनी सांगितली आहे. संचालकच असे काम करू लागल्यावर कोणता विद्यार्थी हात बांधून उभा राहील?

केवळ संवाद पाठ करणे म्हणजे अभिनय, हे त्यांना मान्य नव्हते. नाटक ज्या काळातील असेल, त्या काळातील माणसे कशी वावरत, काय नेसत, त्यांची चित्रे व घरे कशी होती, याचा अभ्यास विद्यार्थ्यांनी करावा, असा त्यांचा आग्रह असे. ग्रीक शोकांतिका, शेक्सपिअरची नाटके आणि मोहन राकेश यांच्यासारख्या समकालीन नाटककारांच्या कृती त्यांनी सारख्याच आस्थेने बसविल्या. १९६३ साली धर्मवीर भारती यांचे ‘अंधा युग’ त्यांनी दिल्लीतील फिरोजशाह कोटल्याच्या भग्नावशेषांत उघड्या आकाशाखाली सादर केले. महाभारत युद्धाच्या अखेरची ती करुण कथा त्या पडक्या भिंतींमुळे अधिकच जिवंत झाली. पंतप्रधान पंडित नेहरू हेही ते नाटक पाहावयास आले होते. अशा मोकळ्या जागी आवाज दूरवर पोहोचविणे व विस्तीर्ण रंगस्थळावर भान राखून वावरणे, हा नटांना मिळालेला मोठाच धडा होता.

नसीरुद्दीन शाह, ओम पुरी, रोहिणी हट्टंगडी यांच्यासारखे नामांकित कलावंत त्यांच्या हाताखाली तयार झाले. विजया मेहता यांनीही त्यांच्यापासून नाट्यकलेचे धडे घेतले. भारत सरकारने २०१० साली त्यांना ‘पद्मविभूषण’ देऊन गौरविले. २०२० साली, चौऱ्याण्णवाव्या वर्षी, दिल्लीत त्यांचे निधन झाले.

अल्काझींच्या शिष्यांपैकी कित्येकांनी पुढे स्वतः नाटके बसविली व नवे नट तयार केले. गुरूकडून मिळालेली विद्या अशी पुढच्या हाती सोपविणे, हीच त्यांनी वाहिलेली खरी गुरुदक्षिणा होय.